तूप सोडलं, तरी पित्ताशयात खडा झाला कसा?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय 42, वजन 71 किलो, दोन मुलं. पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात 9 मिलिमीटरचा एक खडा दिसला. पोटात दुखत नाही, काही नाही. चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरात तूप बंद, तेल बेताचं, अंडी नाहीत. त्या विचारतात: 'एवढं पथ्य पाळून मला खडा झालाच कसा? आता कोणी सांगतं भाताने आणि साखरेने खडे होतात. ते खरं का? भात-भाकरी बंद करून कीटो (कर्बोदकं जवळपास बंद, स्निग्ध पदार्थ भरपूर) करू का?'

ताई, मी गेली 26 वर्षं मिरजेत पोटाच्या शस्त्रक्रिया करतो आणि तुमचा प्रश्न मला दर आठवड्याला ओपीडीत ऐकू येतो. उत्तर लांब आहे, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे आणि ती घरोघरी झालेली आहे. खडा तयार होण्याचं कारण एक असतं आणि तयार झालेला खडा दुखण्याचं कारण दुसरं. तुमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी तेलतूप कमी करायला सांगितलं ते ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत कळ उठू नये म्हणून. ते त्यांच्यापुरतं, तेवढ्या दिवसांपुरतं होतं. तेच पथ्य तुम्ही सगळ्या घराला चार वर्षं लावलंत, खडा होऊ नये म्हणून. खडा होऊ नये यासाठी ते पथ्य नव्हतंच.

आधी खडा कसा होतो ते पाहू. आपलं यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. जेवण नसतं तेव्हा त्यातला बराचसा पित्ताशयात साठतो. ही पिशवी लहान, जेमतेम 30 ते 50 मिलिलिटरची, म्हणजे हॉटेलातल्या कटिंग चहाहूनही कमी. एवढ्याशा जागेत साठा करायचा म्हणून ती त्यातलं पाणी शोषून घेते आणि पित्त घट्ट करते. या रसात कोलेस्टेरॉल असतं. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन या दोन घटकांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. धरणारे कमी पडले किंवा कोलेस्टेरॉल जास्त झालं की ते बाहेर पडतं. पाकात साखर जास्त झाली आणि पाक तसाच ठेवला की भांड्याच्या कडेला स्फटिक धरतात, तसंच हे. पिशवी वेळच्या वेळी रिकामी होत असेल तर ते बारीक स्फटिक वाहून जातात. ती तुंबून राहिली तर आधी गाळ जमतो आणि गाळाचा पुढे खडा होतो.

म्हणजे खडा व्हायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: पित्तात कोलेस्टेरॉल वाढणं आणि पिशवी तुंबणं. तुमचा प्रश्न या दोन्हींना येऊन भिडतो.

पहिली गोष्ट साखर आणि भाताची. लोकांना वाटतं, कोलेस्टेरॉल म्हणजे खाल्लेलं तूप. पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. हे काम वाढवायला इन्सुलिन मदत करतं. साखर, मैदा, पांढरा भात असे लवकर पचणारे पदार्थ पोटात गेले की रक्तातली साखर झपाट्याने चढते, मागोमाग इन्सुलिन चढतं. हे दिवसातून पाच-सहा वेळा, वर्षानुवर्षं होत राहिलं, पोटाचा घेर वाढला, की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि रक्तात इन्सुलिन कायमच चढं राहतं. यकृत जास्त कोलेस्टेरॉल बनवतं, ते पित्तात जास्त उतरतं. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स वाढतात. शिवाय अशा माणसांची पित्ताशयाची पिशवी आकुंचनही आळसात करते. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, आणि पित्ताशयाचे खडे एकाच सोनोग्राफीच्या रिपोर्टात इतक्या वेळा जोडीने का दिसतात, त्याचं मूळ इथे आहे. तुमच्या रिपोर्टात यकृताबद्दल काय लिहिलंय ते पुन्हा एकदा बघा.

याला पुरावा आहे. अमेरिकेत 1986 पासून चाळीस हजारांहून अधिक पुरुष आरोग्य-व्यावसायिकांच्या खाण्यापिण्याची नोंद ठेवून त्यांच्यावर बारा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्या काळात 1,810 जणांना पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास नव्याने सुरू झाला. सर्वात जास्त कर्बोदकं खाणाऱ्या पाचव्या हिश्शातल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण सर्वात कमी खाणाऱ्यांच्या मानाने सुमारे दीडपट होतं. नुसती कर्बोदकं मोजण्याऐवजी ती रक्तातली साखर किती चढवतात त्याचा हिशेब केला, तेव्हाही चित्र तसंच आलं. सत्तर हजारांवर नर्सेसवर सोळा वर्षं चाललेल्या अभ्यासातही हाच कल दिसला, तिथे मोजणी पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनांची होती. आता हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. भात जास्त खाणारा माणूस आणखी दहा गोष्टींत वेगळा असू शकतो. त्या दहा गोष्टींचा हिशेब करूनही फरक उरला, एवढंच त्यातून म्हणता येतं.

माझा विश्वास बसला तो मात्र एका छोट्या प्रयोगामुळे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या केनेथ हीटन यांच्या संशोधक गटाने 1983 साली खडे असलेल्या तेरा माणसांना सहा आठवडे साखर-मैद्याचा आहार दिला आणि सहा आठवडे तीच माणसं कोंड्यासकट धान्यावर ठेवली. दोन्ही वेळेला त्यांचं पित्त काढून तपासलं. साखर-मैद्याच्या आहारात पित्तातलं कोलेस्टेरॉल झेपण्यापलीकडे जास्त भरलं, कोंड्याच्या आहारात ते उतरलं. माणसं तीच, पित्ताशयं तीच, बदललं फक्त ताट. तेरा हा आकडा लहान आहे, पण पित्ताच्या आत डोकावून पाहिलेला आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट पिशवी तुंबण्याची, आणि तुमच्या बाबतीत मला हीच जास्त खटकते. पिशवी रिकामी कशाने होते? जेवणातली स्निग्धता आणि प्रथिनं लहान आतड्यात उतरली की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते पिशवीला पिळतं. नुसत्या भाताने, नुसत्या साखरेने ती नीट पिळली जात नाही. तुम्ही दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंत, फार चांगलं केलंत. सकाळी सहाला चहा आणि दोन बिस्किटं, नऊला चहा, अकराला चहा, दोन वाजता सगळ्यांचं उरकल्यावर भात-आमटी आणि एक चपाती, चारला चहा आणि मूठभर भडंग, सहाला आणि झोपताना पुन्हा चहा, रात्री नऊला भात. म्हणजे रात्री नऊपासून दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत, सतरा तास, तुमच्या पित्ताशयाला रिकामं व्हायला धड निमित्तच मिळत नाही. जेवण होतं तेव्हाही त्यात तेल नावालाच. वर चहाचे सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते.

ताई, तुम्ही पथ्य म्हणून जे केलंत त्याने पित्तात कोलेस्टेरॉल वाढवणारं सगळं राहिलं आणि पिशवी रिकामी करणारं निघून गेलं. यात तुमची चूक नाही. घरातल्या बाईने सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, स्वतःच्या ताटातलं तूप आधी काढायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण ऑपरेशन टेबलावर बायका पुरुषांपेक्षा जास्त का येतात याचं कारण फक्त एवढंच नाही. स्त्री-संप्रेरकं पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतात आणि गरोदरपणात पिशवी सुस्तावते. तुमची दोन बाळंतपणं, बेचाळीसचं वय आणि वजन यांचाही यात वाटा आहे. एकट्या भातावर खापर फोडता येणार नाही.

इथे एक खुलासा हवाच. मी आत्तापर्यंत बोललो ते कोलेस्टेरॉलच्या खड्यांबद्दल. सगळे खडे तसे नसतात. ऑपरेशननंतर पिशवी उघडून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवतो तेव्हा फरक डोळ्यांना दिसतो. कोलेस्टेरॉलचा खडा पिवळसर, गुळगुळीत. मधोमध कापला तर आत केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या चकचकीत रेषा दिसतात, खडीसाखर फोडल्यासारख्या. दुसरे असतात ते काळे, काटेरी, कोळशाच्या चुरीसारखे. ते बिलिरुबिनचे, रक्तपेशी जास्त फुटल्याने किंवा यकृताच्या जुन्या आजारामुळे होणारे. त्यांचा साखर-भाताशी असा थेट संबंध नाही. उत्तर भारतात पिवळे जास्त, दक्षिणेत काळे जास्त, असं आपल्या देशातल्या अभ्यासांत दिसतं. आपण सांगली-सातारकर मधल्या पट्ट्यातले, माझ्या ट्रेमध्ये दोन्ही येतात. सोनोग्राफीवरून खड्याची जात खात्रीने सांगता येत नाही.

मग भात बंद करायचा का? नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीत भारतीयांच्या आहारातल्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात असं आढळलं. अमेरिकनांच्या ताटात ते निम्म्याच्या आसपास असतं. म्हणजे आपल्याकडे कपातीला जागा आहे, पण कपात कुठे करायची ते महत्त्वाचं. पहिली कात्री चहातल्या साखरेला आणि बिस्किटांना. साखरेऐवजी गूळ घातला तर चालेल का, हे आपल्या भागात हमखास विचारतात. ऊस आपला, गुऱ्हाळं आपली, गुळाची पेठ सांगलीची, त्यामुळे गुळावर माया असणारच. पण गुळातही बहुतांश साखरच आहे आणि पित्ताशयाच्या हिशेबात तो साखरेच्याच खात्यावर जातो. कंदी पेढ्याचंही तेच. सणाला एखादा खा, रोज डब्यात ठेवू नका.

भडंग हलकं म्हणून लोक वाटीच्या वाटी खातात. चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, साखर झपाट्याने चढवणारा. त्यात शेंगदाणे भरपूर आणि चुरमुरे कमी असं उलटं करा. शेंगदाण्यांबद्दल चांगली बातमी आहे: वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासांतच असं आढळलं की जे लोक दाणे, बदाम-अक्रोड वगैरे आठवड्यातून बऱ्याच वेळा खातात, त्यांच्यात पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी होता. ज्या दाण्याच्या चटणीला तुम्ही तेलकट म्हणून चार वर्षं हात लावला नाहीत, ती ताटात परत येऊ द्या.

भाकरी हा आपला मोठा ठेवा आहे. जत, आटपाडी, माण, खटावकडे अजून शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी रोजच्या ताटात आहे, पण बागायती गावांत आणि शहरात तिची जागा भात आणि पावाने घेतली. पांढऱ्या भातापेक्षा ज्वारीत तंतू जास्त आणि साखर चढायची ती हळू. तंतूंचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. पोट रोज साफ होत असेल तर आतड्यात डीऑक्सिकोलेट नावाचा पित्तक्षार कमी बनतो. हा क्षार यकृतात परत गेला की पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतो. बद्धकोष्ठ आणि खडे यांचा असा आतून धागा आहे. मात्र चार भाकऱ्यांची कर्बोदकंही शेवटी कर्बोदकंच. दुपारी एक-दीड भाकरी, भरपूर पालेभाजी, घट्ट आमटी किंवा उसळ, दह्याची वाटी. भात हवाच असेल तर शेवटी एक मूद, तूप घालून. हो, तूप घालून, एक चमचा. अंडं खात होता तर तेही सुरू करा.

सकाळी आठ-नऊच्या आत न्याहारी करा, चहा-बिस्किटांची नव्हे. अर्धी भाकरी आणि चटणी, थालीपीठ, मोड आलेली मटकी, दाणे आणि वाटाणे सढळ घातलेले पोहे, काहीही चालेल. रात्रीचा उपास जितका लांबतो तितके खड्यांचे त्रास जास्त, असं पाहण्यांमध्ये दिसलेलं आहे. नवरात्राचे नऊ दिवस आणि वर गुरुवार-एकादशी धरणाऱ्या माझ्या रुग्ण भगिनींना मी उपास सोडा म्हणत नाही. दिवसभर कोरडं राहून संध्याकाळी साबुदाण्याचा डोंगर खाऊ नका, एवढंच सांगतो. साबुदाणा निव्वळ स्टार्च. वरी, राजगिरा, दही, दाणे असं दोनदा खा.

आता कीटो. नको. कर्बोदकं कमी करणं वेगळं आणि ती एकदम तोडून महिन्यात आठ किलो उतरवणं वेगळं. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीतलं कोलेस्टेरॉल सुटून पित्तात येतं. आठवड्याला दीड किलोच्या वर उतरलं की खड्यांचा धोका स्पष्टपणे वाढतो. एका अभ्यासात लठ्ठ माणसांना अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला होता. ज्यांना दिवसाला फक्त 3 ग्रॅम स्निग्धता दिली त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना तीन महिन्यांत खडे झाले. ज्यांना 12 ग्रॅमच्या आसपास दिली त्यांच्यात एकालाही नाही. फरक जेमतेम दोन चमचे तेलाचा. शिवाय तुमच्या पिशवीत खडा आधीच बसलेला आहे. कीटोमधल्या लोण्या-चीजच्या भडिमाराने पिशवी जोरात पिळली गेली आणि खडा तोंडाशी अडकला तर पहिली कळ त्या दिवशी येईल.

झालेला खडा आहाराने विरघळेल का? नाही. हे मी कितीही वाईट वाटलं तरी स्पष्ट सांगतो, कारण यावर लोकांचा वेळ आणि पैसा फार जातो. कुळथाचं पाणी, पानफुटी हे उपाय लोक मुतखड्यासाठी करतात. पित्ताशय आणि मूत्रपिंड यांच्या वाटाच वेगळ्या, मुतखडा लघवीच्या मार्गाने पडतो, हा पडत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन संडासवाटे हिरवे 'खडे' पडल्याचे फोटो मोबाईलवर फिरतात. एकदा एक गृहस्थ माझ्याकडे असे 'खडे' डबीत घालून घेऊन आले होते. बोटाने दाबले तर ते मेणासारखे चेपले. ते तेलाचेच पोटात तयार झालेले साबणाचे गोळे असतात. त्यांच्या सोनोग्राफीत मूळ खडा जागच्या जागी होता. हळदीबद्दलही विचारतात, सांगलीची हळद जगात जाते. भाजीतली हळद खुशाल खा. पण कर्क्युमिनच्या कॅप्सूल तुम्ही घेऊ नका, कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं हे मोजलेलं आहे, आणि आत खडा असताना ते नको.

अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या काही खडे विरघळवतात. पण खडा लहान, कोलेस्टेरॉलचा, कॅल्शियम न धरलेला आणि पिशवी नीट चालणारी हवी. सहा महिने ते दोन वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात आणि विरघळलेल्यांपैकी निम्म्यांना पाच वर्षांत पुन्हा खडे होतात.

मग ऑपरेशन? आज नाही. त्रास न देणाऱ्या खड्यांपैकी दरवर्षी शंभरात एखाद-दोघांनाच त्रास सुरू होतो, आणि बहुतेकांचा खडा जन्मभर गप्प राहतो. तुम्हाला मधुमेह, सिकल सेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) किंवा पित्ताशयात मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावरची गाठ) असं काही आहे का ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, त्यावर सल्ला बदलू शकतो. नाहीतर नुसतं 'आहे म्हणून काढून टाकू' यासाठी कोणी घाई केली तर दुसरं मत घ्या. त्रास सुरू झाला तर मात्र टाळाटाळ नको. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन आपल्या देशात 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी प्रथम केलं, आणि आज ते जिल्ह्याच्या गावी रोजचं झालेलं आहे. त्यानंतर जन्मभराचं पथ्यही नसतं.

त्रास म्हणजे काय ते ओळखून ठेवा, कारण आपल्याकडे 'पित्त झालं' या दोन शब्दांत सगळं खपतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, सकाळची मळमळ हे बहुधा आम्लपित्त, त्याचा खड्याशी संबंध असेलच असं नाही. खड्याची कळ वेगळी. ती बहुतेकदा जड जेवणानंतर किंवा मध्यरात्री येते, वरच्या पोटात मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली, पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि कशाही कुशीवर चैन पडू देत नाही. कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, सोबत थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर सोडा-लिंबूपाण्यात रात्र घालवू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

शेवटी तुम्ही मुलीचं विचारलंत. ती 23 वर्षांची, पुण्याला नोकरीला, मे महिन्यात लग्न आणि त्याआधी दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचंय म्हणून ती सध्या फक्त फळं आणि ग्रीन टीवर आहे. ताई, तुमच्या खड्यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. आईला खडे असले की मुलीला धोका तसाही जास्त असतो, त्यात तरुण वय, झपाट्याने उतरणारं वजन आणि स्निग्धतेचा पूर्ण बंद. लग्नानंतर लगेच दिवस गेले तर गरोदरपणाची भर. तिला आज फोन करा. आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण किलो उतरू दे. सकाळी काहीतरी खाऊन घराबाहेर पड म्हणावं, दोन्ही जेवणांत चमचाभर तेल-तूप आणि डाळ, उसळ किंवा अंडं असू दे, रोज पाऊण तास चाल. मेपर्यंत दहाऐवजी चार-पाच किलो उतरतील. ब्लाऊज त्या मापाने शिवायला टाका.